करंगळी

शीतलनं पुण्याला जाताना
माझ्या फोनला दोन कुलपं लावली.
आधी बोट, मग आकडे.
"एकावर भागत नाही आता, पप्पा.
आदगोंडाकाकांचं बघितलं ना?"
बघितलं होतं.
रिकामं खातं खिशात घालून
आदगोंडा दोन दिवस चावडीसमोर
नुसता उभा होता.

पण हुपरीत बोट मागायचं
म्हणजे टकल्याकडं कंगवा मागायचा.

अंगठा ठेवला. फोन थरथरला.
ओळखता आलं नाही.
विजारीला पुसून ठेवला.
ओळखता आलं नाही.
दुसरं बोट, तिसरं, डावा हात,
रेशन दुकानात करतो तसं
जिभेनं ओलं करून,
मग खोबरेल लावून.
थोड्या वेळानं प्रयत्न करा, म्हणाला.

बत्तीस वर्षं केला की.
पैंजणाच्या कड्या ह्याच चिमटीत धरून
डाग दिले,
तेजाब, राख, रिठ्याचं पाणी,
आणि पॉलिशच्या चाकाखाली
चांदीबरोबर थोडा थोडा मीही गेलो.
चांदीची घट शेठ काट्यावर बघायचा,
ग्रॅमभर जास्त गेली की मजुरीतनं कापायचा.
माझी घट कुणी तोलली नाही.
कुठल्या मुलखातल्या, कुठल्या बाईच्या घोट्याशी
माझ्या अंगठ्याची एखादी रेघ
जिना चढत-उतरत असेल,
आणि हा इथं मला विचारतोय, तुम्ही कोण?

मग कलावतीचं बोट घेतलं.
तिची पण दहातली नऊ गुळगुळीत,
रवे वेचून, घुंगरं ओवून.
उरली डावी करंगळी.
आमच्या धंद्यात तिला काम नसतं,
लग्नघरातल्या रुसलेल्या पाहुण्यासारखी
ती बाजूला उभी असते.
तिच्या रेघा माहेराहून आणलेल्या,
तशाच्या तशा.
फोननं लगेच ओळखली.

तेव्हापासून बोट तिचं, आकडे माझे.
चांदीचा दर बघायचा
तर भाकरी थापता थापता तिनं थांबायचं,
पिठाची करंगळी पदराला पुसून
लांबवायची,
आणि मी पाठ फिरवून
आकडे दाबायचे
हाताचा आडोसा करून,
वाऱ्यात दिव्याला करतात तसा.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी भांडलो.
पाटल्या पतसंस्थेत ठेवल्याचं
मी सांगितलं नव्हतं.
फोन उघडायला बोलावलं तिलाच,
आणि उघडल्या उघडल्या वर
पतसंस्थेचाच मेसेज.
ती काही बोलली नाही.
तेच वाईट.

तीन दिवस फोन फडताळात.
वाजला की घ्यायचो, बोलायचो, ठेवायचो,
आत मात्र जाता येईना.
दर चढला का पडला
ते भट्टीवर दुसऱ्यांना विचारायचो
आणि ते माझ्या खिशाकडं बघायचे.
शाळेत असताना कट्टी घ्यायला
हेच बोट लागायचं,
आठवलं. बट्टीला कुठलं, ते आठवेना.

चौथ्या रात्री
दोन अंथरुणांच्या मधल्या फरशीवर
तिचा हात आला.
"घ्या."
टेकवलं. मी कुशीवर वळलो, आडोसा केला.
"कशाला ओ?
नंबर ठाऊक हाय मला, पैल्या दिवसापासनं.
एटीएमला त्योच, बॅगेच्या कुलपाला त्योच,
तिजोरीतल्या चिठ्ठीवर त्योच.
जन्मात एकच तर नंबर हाय तुमचा."

म्हणजे बोट तिचं,
आकडेही तिचेच.
"मग तीन दिवस उघडून बघायचा होतास."
"एकटीनं?" म्हणाली,
आणि भिंतीकडं तोंड केलं.

फोनमध्ये शीतलचा मेसेज पडून होता.
पप्पा, उघडतोय ना नीट?
काय लिहावं ते जुळवत बसलो
तोवर पडदा परत काळा.
कलावतीला झोप लागली होती,
डावा हात तेवढा
चादरीच्या बाहेर.